चौथ्या चालीला घोडा जी५ वर आला की काळ्याचा डाव कुठे फसतो

गेल्या उन्हाळ्यात मी सलग सहा रविवार बुद्धिबळात एकाच पद्धतीने हरलो. लक्ष्मीनगरातल्या आमच्या इमारतीचं पार्किंग, ऊन उतरल्यावरची वेळ, दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि मधे स्टूल. समोर वरच्या मजल्यावरचा नववीतला पोरगा. काळी मोहरी माझ्याकडे आली की मी तिसरी चाल खेळून घड्याळ दाबायच्या आत त्याचं बोट घोड्यावर टेकलेलं असायचं. पंधराव्या चालीपर्यंत माझा राजा पटाच्या मधोमध उभा, नागपूरच्या मे महिन्यात चप्पल विसरून रस्त्यावर आलेल्या माणसासारखा.

"काका, वजीर देता का हत्ती?" हे तो फार प्रेमाने विचारायचा.

सातव्या रविवारच्या आधी मी हरलेल्या डावांचे कागद काढून बसलो. रोग एकच निघाला, पण तो मला वाटत होता त्या जागी नव्हता. तुम्हीही काळ्यांनी याच चालीपुढे पुन्हा पुन्हा पडत असाल, तर खालचं तपासून पाहा. पट समोर मांडूनच वाचा, नुसतं डोळ्यांनी वाचून यातलं काही डोक्यात राहत नाही. पांढऱ्याच्या बाजूने पाहिलं की उभ्या रांगा डावीकडून ए ते एच, आडव्या खालून १ ते ८. आकड्यानंतर आधी पांढऱ्याची चाल, मग काळ्याची; नुसतं घर लिहिलं असेल तर ती प्याद्याची चाल, आणि आकड्यापुढे तीन टिंबं असतील तर चाल काळ्याची.

दुखणं असं आहे: १. ई४ ई५ २. घोडा एफ३ घोडा सी६ ३. उंट सी४ घोडा एफ६ ४. घोडा जी५.

आता एफ७ वर दोन मोहऱ्यांची नजर आहे, उंटाची आणि घोड्याची. त्या प्याद्याला राखायला एकटा राजा. घोडा एफ७ वर पडला की डी८ चा वजीर आणि एच८ चा हत्ती दोन्ही एकदम सापडतात, आणि राजाला तो घोडा मारताही येत नाही, कारण मागून सी४ चा उंट त्याला धरून आहे. पोरगा "वजीर का हत्ती" विचारायचा तो इथे.

एका घोड्याने चार चालींत दोनदा हलून थेट हल्ला करायचा, हे जुन्या उस्तादांना पटत नसे. जर्मन उस्ताद टाराश यांनी तर या चालीला अनाड्याची चाल म्हटलं होतं. पण अनाड्याची म्हणून ती सोडता येत नाही. उत्तर माहीत नसेल तर ती उस्तादालाही चावते, आणि आपण तर रविवारचे खेळाडू.

आधी कागद पाहा: डाव कुठल्या चालीवर गेला?

चौथ्याच चालीवर गेला असेल तर इलाज सोपा आहे. घाबरून एच६ खेळून घोड्याला हाकलायचा प्रयत्न केला असेल, किंवा वजीर ई७ वर नेऊन एफ७ राखायला गेला असाल. पहिल्यात घोडा सरळ एफ७ वर बसतो. दुसऱ्यात उंट एफ७ मारून शह देतो, तुमचा राजा डी८ वर सरकतो, प्यादं जातं आणि किल्लेकोटही (राजा-हत्तीची जोडचाल, कॅसलिंग) कायमचा जातो. मी पहिल्या दोन रविवारी हेच केलं होतं. त्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. चौथ्या चालीचं उत्तर एकच धरून चाला: डी५. प्यादं मधे घालून उंटाची रेषा तोडायची.

माझा खरा रोग पाचव्या चालीला होता.

४...डी५ नंतर ५. ई प्यादं डी५ मारतं. आता तुमचा हात आपोआप एफ६ च्या घोड्याकडे जातो. त्याने माझं प्यादं खाल्लं, मी त्याचं खातो, हिशोब बरोबर. बाजारातल्या माणसाला हे अगदी न्यायाचं वाटतं. माझे चार पराभव याच न्यायाने झाले.

कारण ५...घोडा डी५ मारलं की ६. घोडा एफ७ मारतो. या वेळी राजाला तो मारता येतो आणि मारावाच लागतो. मग ७. वजीर एफ३, शह. आता राजाच्या मुख्य वाटा तीन. राजा जी८ वर परत पळाला तर उंट डी५ वरचा घोडा मारून शह देतो, तुमचा वजीर तो उंट मारतो, त्याचा वजीर तुमचा वजीर मारून पुन्हा शह, तुम्ही उंट ई६ वर मधे घालता आणि त्याचा वजीर तोही उंट मारून मात देतो. ई८ वर गेलात तर तो डी५ चा घोडा परत खातो, एफ७ वर मातेची धमकी उभी राहते आणि तुमच्याकडे एक प्यादं कमी. राहिली ई६. म्हणजे राजाने स्वतः पुढे चालत जाऊन डी५ चा घोडा राखायचा. ८. घोडा सी३ नंतर त्या घोड्यावर तीन मोहऱ्या चालून येतात. सी६ चा घोडा बी४ वर किंवा ई७ वर नेऊन काळा तग धरू शकतो, एक मोहरा जास्तही असतो. पण दहा मिनिटांच्या घड्याळावर, सातव्या आठवड्याला हरायचं नाही म्हणून घाम फुटलेला असताना, राजा मैदानात उघडा ठेवून तीस चाली अचूक खेळणं माझ्याच्याने होत नाही. तुमच्याच्याने होत असेल तर तुम्हाला हा लेख लागतच नाही.

या हल्ल्याला फ्राइड लिव्हर म्हणतात. नाव ऐकून मला सावजीतली कलेजी आठवते. खाणाऱ्याच्याही डोळ्यांतून पाणी काढते, हे साम्य धरलं तर नाव बरोबर आहे. आणि समजा पांढऱ्याने सहाव्या चालीला घोड्याचा बळी न देता डी४ खेळलं, तरी तुमचं दुखणं कमी होत नाही, हल्ला फक्त एक पाऊल उशिरा येतो.

दुरुस्ती: घोडा ए५

पाचव्या चालीला प्यादं परत घेऊ नका. ५...घोडा ए५ खेळा. सी६ चा घोडा पटाच्या काठावर जातो आणि सी४ च्या उंटाला हात घालतो. काठावरचा घोडा वाईट, असं आपल्याला पहिल्या दिवशी शिकवलेलं असतं. म्हणून ही चाल स्वतःहून सुचत नाही. मलाही सुचली नव्हती, दाखवावी लागली.

आता उंटाने काय करायचं? बहुतेक जण ६. उंट बी५ खेळून शह देतात. घोडा परत सी६ वर आणू नका, डी५ चं प्यादं तो तिथेच खातं. ६...सी६ खेळा. ७. डी प्यादं सी६ मारतं, आणि तुम्ही बी प्याद्याने परत मारता. घोड्याने मारायचा मोह इथेही होतो, कारण ए५ वरचा घोडा तेवढ्यात घरी येतो. पण बी प्याद्याने मारलं की बी५ चा उंट लगेच मारात येतो आणि त्याला एक चाल फुकट घालवून हलावं लागतं. हिशोबाला तुम्ही एका प्याद्याने मागे आहात. ते पटापुढे बसून मान्य करणं, हाच या सगळ्यातला अवघड भाग आहे.

पुढचं एकदा सावकाश पाहा. ८. उंट ई२ एच६. आता घोड्याला हाकलायची वेळ आली. चौथ्या चालीला जी चाल घात करत होती तीच आता बरोबर आहे, कारण उंट सी४ वर नाही. ९. घोडा एफ३ ई४. १०. घोडा ई५.

इथे थांबा आणि पांढऱ्याच्या दहा चाली मोजा. तीन चाली एका प्याद्याच्या. चार चाली एका घोड्याच्या. तीन चाली एका उंटाच्या. दहा चालींत तीन मोहरे हलले, त्यातलं प्यादं मेलेलं, उंट घराशेजारी बसलेला. वजिराच्या बाजूचं एकही मोहरं जागचं हललेलं नाही. तुमचे दोन्ही घोडे बाहेर आहेत, ई४ चं प्यादं त्याच्या छातीवर बसलंय, दोन्ही उंटांच्या वाटा मोकळ्या आणि वजिराला डी रांग उघडी. एका प्याद्याच्या बदल्यात एवढं मिळालंय. मी हे मोजलं त्या रात्री कूलर बंद करून पुन्हा मोजलं, त्याच्या घरघरीत चूक तर होत नाही ना म्हणून.

ई४ नंतर त्याने गडबडून घोडा डी४ वर टाकला तर हसू दाबा आणि वजिराने खाऊन टाका, तिथे त्याला राखणारं कोणी नाही. घोडा जी१ वर परत नेला तर उंट सी५ वर काढा, किल्लेकोट करा आणि निवांत खेळा. घोडा ई५ वरच आला, तर १०...उंट डी६ त्याला धक्का देतो. ११. डी४ ला उत्तर म्हणून तुम्ही ई प्याद्याने डी३ वर वाटेत मार करता (दोन घरं चालून शेजारी आलेलं प्यादं, ते एकच घर चाललं असं धरून मारायचं), १२. घोडा डी३ मारतो, मग १२...वजीर सी७. वजीर आणि उंट एकाच तिरप्या रेषेत एच२ कडे बघतात. किल्लेकोट, हत्ती ई८, उंट एफ५. अकराव्या चालीला त्याने एफ४ खेळून घोडा धरून ठेवला तरी वाटेतला मार करायचाच, या वेळी एफ३ वर, आणि ई रांग हत्तीसाठी मोकळी करून घ्यायची.

ए५ चा घोडा मात्र विसरू नका. बी प्यादं सी६ वर गेल्याने बी७ चं घर रिकामं झालंय. परतीची वाट तिथून. एका डावात मी बाकी सगळं बरोबर केलं आणि हा घोडा शेवटपर्यंत काठावर वाळत ठेवला. तो डाव हरलो, आणि ते पोराचं कौतुक नव्हतं, माझीच विसराळूपणाची सवय होती.

समोरचा पुस्तकातलं खेळला नाही तर

आमच्या पातळीवर सहाव्या चालीला बी५ ऐवजी डी३ फार पाहायला मिळतं. उंट मारात असूनही त्याला डी प्याद्याचा आधार द्यायचा, असा विचार. तुम्ही ६...एच६ ७. घोडा एफ३ ई४ खेळा. ८. वजीर ई२ घोडा सी४ मारतो ९. डी प्यादं सी४ मारतं उंट सी५, आणि तुम्ही मजेत आहात. आठव्या चालीला त्याने ई४ चं प्यादं खाल्लं तर सी४ चा उंट तुमचा. सोव्हिएत ग्रँडमास्टर ब्रॉनस्टीन यांनी १९५६ च्या मॉस्को ऑलिम्पियाडमध्ये नेमका हाच उंट मुद्दाम सोडला आणि डाव जिंकला. पार्किंगमध्ये आपल्यासमोर ब्रॉनस्टीन बसलेले नसतात, उंट घ्या.

आता परत मुख्य वाटेवर, म्हणजे ६. उंट बी५ नंतरच्या. आठव्या चालीला उंट ई२ ऐवजी डी३ वर गेला तर मी घोडा डी५ वर नेतो. घोडा हलताच मागच्या वजिराची नजर जी५ वर पडते. उंट सी४ वर परत गेला तर ए५ चा घोडा तो फुकट खातो, आणि हे इतक्यांदा होतं की मला आता दया येते.

८. वजीर एफ३ जरा सांभाळून. बी५ चा उंट मारायला हात शिवशिवतो, पण सी प्यादं तिथून उठलं की वजीर ए८ चा हत्ती गिळतो. त्या भानगडीत न पडता ८...उंट ई७ खेळा. त्याने उंट देऊन सी६ वर प्यादं आणि घोडा खाल्ला तरी तुमचा उंट डी७ वर येऊन वजिराला हाकलतो आणि पुढच्या चालीला किल्लेकोट होतो. दोन प्यादी कमी असतात, हे खरंय. मला ही जागा अजूनही पूर्ण आवडत नाही, पण हरलेली नाही एवढं नक्की.

८. उंट ई२ एच६ नंतर ९. घोडा एच३ ही चाल विचित्र दिसते म्हणून हसू नका. तेव्हाचे जगज्जेते स्टाइनिट्झ यांनी १८९०-९१ मध्ये चिगोरिन यांच्याशी तारेवरून झालेल्या सामन्यात ती खेळली, तो डाव ते हरले. पुढे फिशर यांनी १९६३ मध्ये बिझगायर यांच्याविरुद्ध तीच बाहेर काढली आणि जिंकले. उत्तर साधं ठेवा: उंट सी५, किल्लेकोट, मग त्या एच३ च्या घोड्याचं काय करायचं ते बघा.

लोक सुचवतात ते उपाय

चौथ्या चालीला उंट सी५ खेळून एफ७ सोडूनच द्यायचं आणि उलट एफ२ वर चढाई करायची, हा ट्रॅक्सलर प्रतिहल्ला. चेक धर्मगुरू कारेल ट्रॅक्सलर यांच्या नावाचा, १८९० पासूनचा. मी आठवडाभर शिकलो. घोडा एफ७ वर आला की उंट एफ२ वर बळी देऊन पांढऱ्या राजाला बाहेर ओढायचं, फार झणझणीत. पोराने शांतपणे घोड्याऐवजी उंटाने एफ७ घेतलं, शह दिला, आणि माझी सगळी तर्री तिथेच थंड झाली. दोन-तीन मिनिटांच्या डावांत खेळून बघा, रोजच्या जेवणाला नको. पाचव्या चालीला बी५ किंवा घोडा डी४ असेही पर्याय आहेत. ज्यांना पाठांतराची हौस आहे त्यांनी बघावेत.

तिसऱ्या चालीलाच एच६ खेळून जी५ बंद करणारे पुष्कळ भेटतात. घोडा येत नाही, बरोबर. पण एक अख्खी चाल गेली, समोरचा डी४ खेळून मैदान उघडतो आणि तुम्ही मागे. याला मी इलाज म्हणत नाही, भीती म्हणतो.

खरोखर टाळायचंच असेल तर तिसऱ्या चालीला घोडा एफ६ ऐवजी उंट सी५ खेळा. तेव्हा घोडा जी५ वर आला तर डी८ चा वजीर त्याला उभ्या उभ्या खातो, मधे कुणी नाही. फक्त मग ४. बी४, म्हणजे प्यादं देऊ करून हल्ला करणारा इव्हान्स गँबिट, यायची तयारी ठेवा. ते प्यादं नको असेल तर उंट बी६ वर मागे घ्या. माझ्या वयाच्या, रविवारपुरतं खेळणाऱ्या माणसाला हा मार्ग जास्त झेपेल, हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो. मी स्वतः तो घेतला नाही, कारण मला त्याच पोराला त्याच्याच चालीवर हरवायचं होतं.

आमच्याच इमारतीतले एक निवृत्त काका सांगतात, "ई५ सोडून द्या न भाऊ, सी६ खेळा, भानगडच नाही." म्हणजे कॅरो-कान या बचावाची शिफारस. सल्ला वाईट नाही. पण नळ गळतो म्हणून घर बदलण्यातला आहे.

सराव कसा केला

मी पूर्ण डाव खेळून सराव केला नाही. फोनमध्ये थेट आठव्या चालीनंतरची, म्हणजे ८. उंट ई२ ची जागा मांडली आणि काळ्यांनी तिथून पुढे खेळत राहिलो, एका प्याद्याने मागे असल्याची सवय व्हावी म्हणून. पहिले काही डाव मी दर दोन चालींनी ते प्यादं परत मिळवायच्या मागे लागायचो आणि त्या नादात मोहरी चुकीच्या जागी जायची. मग स्वतःला नियम घातला: पंधराव्या चालीपर्यंत प्यादं मोजायचं नाही, फक्त किल्लेकोट झाला का आणि किती मोहरी बाहेर आली ते मोजायचं. त्यानंतर बाजू बदलून पांढऱ्यानेही खेळलो. तेव्हा कळलं की समोरच्यालाही ही जागा किती अवघडल्यासारखी वाटते. वजिराच्या बाजूची मोहरी काढायला वेळच मिळत नाही.

नागपुरात हल्ली कोणत्याही पार्किंगमध्ये अशी पोरं भेटतील. रौनक साधवानी, संकल्प गुप्ता हे ग्रँडमास्टर याच शहरातले. आणि २८ जुलै २०२५ ला बातुमीत दिव्या देशमुखने कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवून महिला विश्वचषक जिंकला, त्याबरोबर ग्रँडमास्टरही झाली, तेव्हापासून आमच्या इमारतीतच चार घरांत नवे पट आले. त्या सगळ्या पोरांना पहिल्यांदा शिकायला मिळतं ते घोडा जी५. ती चाल लवकर जिंकून देते, म्हणून तिच्या पुढचं बरेच जण शिकत नाहीत. दहाव्या चालीनंतर त्यांची वही कोरी असते.

सातव्या रविवारी मी घोडा ए५ वर ठेवला. पोरगा थांबला. "काका, हे काय करून राहिले तुम्ही? प्यादं नाही घेत?"

"राहू दे," म्हटलं.

त्याने शह दिला, प्यादं खाल्लं, उंट ई२ वर मागे घेतला, घोडा एफ३ वर आणला. मी ई४ खेळलो. पहिल्यांदाच त्याचं बोट कुठल्याच मोहऱ्यावर टेकलेलं नव्हतं. बराच वेळ विचार करून त्याने घोडा डी४ वर ठेवला.